उजव्या बाजूचं पॅनल

प्लॅस्टिकवर ओरखडा पडला की आधी त्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं नाही तर ओरखडा वरच्या चकाकीतच आहे, पॉलिशनं जाईल. अडकलं तर रंग गेला. मग पुट्टी, घासणं, अस्तर, रंग, सगळंच आलं. हे मला बाबांनी शिकवलं. आज आमच्या गल्लीत, दाना ओलीत, कुणाची मोटारसायकल पडली, कुणाच्या स्कूटरचं तोंड खरवडलं, की लोक तेवढा भाग खोलून माझ्याकडे घेऊन येतात. माझी नोकरी वेगळी आहे. हे काम मी रविवारी गच्चीवर करतो, आणि चांगलं करतो. न्यायला आलेला माणूस तो भाग उन्हात तिरका धरून बघतो आणि म्हणतो, "भाईसाब, पता ही नहीं चल रहा."

हे वाक्य ऐकलं की मी मान खाली घालून हात पुसायला लागतो. लोकांना वाटतं मी स्तुतीला लाजतो.

गाडी कशी पडली हे मी कुणाला विचारत नाही. लोक आपणहून सांगतात. कुत्रा आडवा आला, रेती होती, समोरच्यानं कट मारला. मी "हो का" म्हणतो. पण कोण उभ्या गाडीवरून आडवा झाला, कोण भिंतीला घासला आणि कुणाला खरंच कुणी ठोकलं, हे मला दोन मिनिटांत दिसतं. बरेच जण खोटं बोलतात. मी कोण त्यांना बोलणारा!

ज्या पॅनलवर मी हे काम शिकलो ते आमच्याच मोटारसायकलचं होतं, उजव्या बाजूचं. त्याची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बाबांना ती माहीत आहे, पण त्यांनाही मी सांगितलेली नाही. आता लिहितो आहे ते मराठीत, कारण या हिंदी शहरात आमच्या घरातली भाषा हीच. माझी धाकटी बहीण हिंदी भराभर वाचते आणि मराठी सावकाश वाचते. पण वाचते.

आमचं घराणं शिपाईगिरीचं. दक्षिणेतून फौजेबरोबर कोण आलं, कुणाच्या पदरी होतं, हे आईला तोंडपाठ आहे. मला एवढंच ठाऊक, की देवघराच्या कोपऱ्यात लाल फडक्यात गुंडाळलेली एक तलवार आहे आणि ती आता दुधी भोपळासुद्धा कापणार नाही. असं म्हटलं की आई चिडते, म्हणून मी मुद्दाम म्हणतो. आजोबांनंतर आमच्या घरात वर्दी आली नाही. बाबांनी सगळी उमर एका कारखान्यात लोखंडी कपाटं रंगवण्यात घालवली. मग सगळ्यांची नजर माझ्यावर. पोलीस भरतीची लेखी परीक्षा मी पास झालो आणि मैदानावर धावण्यात गेलो, अगदी थोडक्यात गेलो. घरी कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर मी भांडलो असतो आणि विषय संपला असता.

दोन वर्षांनी बहिणीनं तीच लेखी परीक्षा दिली आणि पास झाली. तिचं मैदान, म्हणजे शारीरिक चाचणी, दसऱ्यानंतर आठ दिवसांनी होती.

तिला रोज सकाळी सरावाला न्यायचं आणि आणायचं काम माझ्याकडे आलं. ती धावायची, गोळा फेकायची, उड्या मारायची. मी मोटारसायकलवर बसून मोबाइलवर तिची वेळ बघायचो. नवरात्र बसलं त्या दिवशी ती माझ्यापेक्षा जलद धावली. म्हणजे मी माझ्या भरतीत जेवढा धावलो होतो त्यापेक्षा. मी तिला तिची वेळ दोन सेकंद वाढवून सांगितली. "अजून कमी पडते आहेस," असंही म्हणालो. तिनं पाणी प्यायलं आणि पुन्हा धावायला गेली.

षष्ठीच्या सकाळी आम्ही सरावाहून परत येत होतो. फूलबागेजवळ ती मागून म्हणाली, "दादा, खरं सांगू का? मला वाटतं, तुला माझं सिलेक्शन नकोच आहे."

ती हसत म्हणाली की मनापासून म्हणाली, मला कळलं नाही. माझा राग नेहमीच नाकाच्या शेंड्यावर. "तोंड सांभाळून बोल हां. रोज उठून तुझी ड्रायव्हरी कोण करतंय?" असं म्हणायला मी मान मागे वळवली आणि बोलतच राहिलो. दोन वर्षं जे आत दाबलं होतं ते सगळं बाहेर आलं. तू कालची पोर, तुला काय कळतं, घरात सगळे तुझीच आरती ओवाळतात. उजव्या पायाला काहीतरी घासत होतं. ते मला कळत होतं, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो. दुभाजकाच्या कडेला बूट घासतो आहे हे पायाला कळत होतं आणि तरी मी हँडल डावीकडे घेतलं नाही, कारण माझं बोलणं संपलं नव्हतं. मग गाडी कलली, दुभाजकावर घासत आडवी झाली, आणि आम्ही दोघं रस्त्यावर पडलो.

पुढे डावीकडून एक ई-रिक्षा चालली होती. आवाज ऐकून ती थांबली आणि चालक धावत आला. पन्नाशीचा किडकिडीत माणूस, गळ्यात चौकड्यांचा गमछा. त्यानं गमछ्याची घडी करून बहिणीच्या डोक्याखाली ठेवली आणि "बिटिया, आँख खोलो" म्हणत तिच्या तोंडावर पाणी मारलं. तिनं डोळे उघडले. तोवर माणसं जमली होती. मला गुडघ्याला खरचटलं होतं, बाकी काही नाही. कुणीतरी विचारलं, "किसने मारी?" आणि नेमकी तेव्हाच ती माझ्याकडे बघत होती.

"काय झालं रे दादा?" तिनं विचारलं.

तिच्याकडे बघवेना म्हणून मी नजर बाजूला नेली. तिथे ई-रिक्षा उभी होती.

"इसने," मी म्हणालो. "साइड से मारी."

पुढचं गर्दीनं केलं. मी ते सगळं उभं राहून बघितलं. "मैंने तो उठाया है इनको," तो सारखा म्हणत होता, आणि ते लोकांना नाही, मला म्हणत होता, कारण खरं काय ते मीच सांगू शकत होतो. एका फटक्यात त्याची डावी भुवई फाटली. रिक्षाची पुढची काच कुणीतरी दगडानं फोडली. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, तो गोंधळलेला होता. मग कुणाच्या तरी गाडीतून आम्हाला दवाखान्यात नेलं.

बहिणीच्या उजव्या खांद्याचं, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हात दीड महिना गळ्यात. डोक्यालाही मार होता. त्या सकाळचं तिला मैदानाच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत आठवतं, आणि मग एकदम रस्त्यावर डोळे उघडल्यावर दिसलेला रिक्षावाल्याचा चेहरा. आमचं भांडण तिच्या आठवणीत नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मला त्या वेळी हायसं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

आता खंडेनवमी. आमच्यासारख्या घरांत त्या दिवशी तलवारीची पूजा होते आणि तिच्या शेजारी घरातली हत्यारं, अवजारं आणि वाहन. आईचा एक नियम आहे आणि त्यापुढे ब्रह्मदेवाचंही चालत नाही. खंडित वस्तू पूजेला लावायची नाही. कपचा उडालेली मूर्ती नाही, दांडा मोडलेली कुऱ्हाड नाही, आणि अर्थात बाजू फाटलेली मोटारसायकल नाही. ज्या वाहनाची पूजा झाली नाही त्यावर वर्षभर कुणी बसायचं नाही. पोरीचं हाड मोडलेलं, आणि आई मोटारसायकलची चिंता करते म्हणून मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "पोरीचं मोडलं म्हणूनच म्हणते आहे. आणखी काही मोडायला नको घरात."

नवमीला तीन दिवस होते. दसऱ्याच्या तोंडावर गाड्या रंगवणाऱ्या सगळ्या दुकानांत रांगा. दोन ठिकाणी विचारलं, दोघंही म्हणाले, दसरे के बाद. मग बाबा म्हणाले, "आण गच्चीवर. तीस वर्षं कपाटं रंगवली ती काय झोपेत?"

त्यांनी मोटारसायकलच्या टाकीशेजारचं उजवं पॅनल स्वतः खोललं. भांड्याच्या साबणानं धुतलं, पंच्यानं पुसलं, उन्हात धरलं. वीतभर लांबीचे तीन ओरखडे होते, आणि खालच्या कोपऱ्यात, जिथे स्क्रू बसतो तिथे, एक तडा. बहीण हात गळ्यात बांधून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती आणि मला सूचना देत होती. हे आण, ते आण. तिचा चेहरा पिवळा पडला होता, तरी ती माझी चेष्टा करत होती. "बाबा, याला काही येत नाही हं, याला नुसतं धरायला द्या." मग आईनं तिला हळद-दूध प्यायला खाली बोलावलं.

ती गेल्यावर बाबा म्हणाले, "धक्का कुठून बसला म्हणालास?"

"डावीकडून."

"डावी बाजू कोरी आहे."

"थोडंसंच लागलं, बाबा. पण जोर होता."

त्यांनी पॅनल माझ्या हातात दिलं. "नख फिरव. पुढून मागे."

मी फिरवलं.

"कसं लागतं?"

"आधी काही नाही. मग अडकतं."

"आधी बारीक, मग खोल," बाबा म्हणाले. "कुणी ढकललं असतं, तर आधी खोल असतं आणि मग बारीक होत गेलं असतं. गाडी हळूहळू गेली आहे तिकडे. फूटरेस्टचं रबर बघितलंस? रंध्यानं तासल्यासारखं झालं आहे. एवढं झिजायला वेळ लागतो." आणि मग त्यांनी जिन्याच्या दाराकडे बघितलं. तिथे माझे बूट होते. उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेला पिवळा रंग लागला होता, दुभाजकावर असतो तो.

बाबांचा आवाज चढला नाही. त्यांनी घासायच्या कागदाचा तुकडा बादलीत भिजवला आणि पिळून हातात धरला.

"ती खाली आहे. आई पण आहे. जा, आत्ता सांगून ये."

मी हललो नाही. खाली कुकरची शिट्टी झाली.

"नाहीतर हा घे आणि घास. पण तुझं तू घासायचं. मी त्याला हात लावणार नाही."

मी कागद घेतला.

त्या तीन दिवसांत बाबांनी मला सगळं शिकवलं आणि पॅनलला बोटसुद्धा लावलं नाही. ते प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून नुसतं तोंडानं सांगायचे. कागदामागे लाकडाचा तुकडा घे, नाहीतर बोटांचे खड्डे पडतील. गोल नको, आडवं घास. पाणी घे. पाणी बदल. तडा मागच्या बाजूनं सोल्डरच्या तापलेल्या टोकानं वितळवून बुजव, धूर नाकात घेऊ नकोस. पुट्टी पातळ लाव, एकदम थर देऊ नकोस. वाळू दे. आता बारीक कागद. आता त्याहून बारीक. मी सांगितलं तसं करत गेलो. पहिल्यांदा पाणी जरासं पिवळं झालं, मग निळं, मग पांढरं.

अस्तराचा करडा रंग मारला आणि मला वाटलं, सुटलो. तर तिन्ही ओरखडे पुन्हा वर आले. फिकट, पण तिथेच, तसेच. अस्तराचं कामच ते, बाबा म्हणाले, हाताला जे कळत नाही ते डोळ्यांना दाखवायचं. "पुन्हा घास." मी पुन्हा घासलं. पुन्हा अस्तर, पुन्हा एक ओरखडा. तिसऱ्या खेपेला काही दिसलं नाही. मग डब्यातला निळा रंग, हात लांब ठेवून पातळ पातळ फवारे, वर चकाकीचा थर, आणि शेवटी मऊ फडक्यानं पॉलिश. तिन्ही दिवस बाबा त्याविषयी चकार शब्द बोलले नाहीत. एकदा जरी ते चिडले असते, एक थोबाडीत दिली असती, तर मी सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावत आलो. खोटं आहे ते. मी नसतंच सांगितलं.

नवमीला आईनं तलवारीला हळदकुंकू वाहिलं, मग मोटारसायकलला. हँडलला झेंडूची माळ घातली. बहिणीनं डाव्या हातानं ओवाळलं आणि पॅनलवर हात फिरवून म्हणाली, "दादा, काही कळतच नाही रे कुठे लागलं होतं ते." बाबा प्रसादाची वाटी घेऊन आत गेले.

तिचं मैदान हुकलं. पुढच्या भरतीला ती पुन्हा उभी राहिली. धावण्यात पास झाली, पण खांदा उचलेना आणि गोळा कमी पडला. त्यापुढच्या भरतीला वय निघून गेलं. आता ती टोपी बाजारातल्या एका घाऊक दुकानात काम करते. तिच्या हाताखाली तिघी आहेत आणि त्या तिला घाबरतात. तिचं वाईट चाललं आहे असं नाही. पण रस्त्यानं पोलिसांची वर्दीतली बाई गेली की ती बोलता बोलता थांबते, आणि मग जिथे थांबली तिथूनच पुढे बोलते.

माझ्यावर तिचा राग कधीच नव्हता. तिचा सगळा राग त्या रिक्षावाल्यावर. तिला त्याचा चेहरा धूसर आठवायचा, गमछा आठवायचा. कितीतरी वर्षं ती फूलबागेवरून जाताना रिक्षांच्या स्टँडकडे निरखून बघायची. "एकदा भेटू दे मेला," म्हणायची. मीही बघायचो. आम्ही दोघं एकाच माणसाला शोधत होतो, ती भेटावा म्हणून आणि मी भेटू नये म्हणून. तो त्या स्टँडवर पुन्हा कधी दिसला नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मला तो सगळीकडे दिसायला लागला. सिग्नलला शेजारी ई-रिक्षा येऊन थांबली की माझी नजर आधी चालकाच्या डाव्या भुवईवर जायची. दुभाजकाजवळून जाताना माझा उजवा पाय आपोआप आत ओढला जातो. दुभाजक हातभर लांब असतो, तरी पायाला घासल्यासारखं वाटतं. मोटारसायकल आता म्हातारी झाली आहे. तिची डावी बाजू उन्हानं फिकी पडली आणि उजवी, मी रंगवलेली, अजून गडद आहे. विकायला काढू म्हटलं तर बहीण म्हणते, असू दे रे, पूजेची गाडी आहे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी गाडी दुरुस्तीला टाकली होती, म्हणून मी स्टेशनवरून घरी यायला ई-रिक्षा केली. मी एकटाच होतो. रिक्षा इतकी हळू चालली होती की शेजारून सायकलवाले पुढे जात होते. पाच मिनिटं मी सहन केलं.

"भैया, बैलगाडी है क्या? जरा तेज़ चलाओ."

"चला लूँगा बाबूजी," तो समोर बघत म्हणाला. "बस, डर लगता है. एक बार मेरे हाथ से हो गया था."

"क्या हो गया था?"

"एक लड़का-लड़की थे मोटरसाइकल पे. मेरी गाड़ी लग गई उनको. मुझे तो पता भी नहीं चला, कसम से, मुझे लगा अपने आप गिरे हैं. पर सबने कहा मैंने मारी. इतने लोग झूठ थोड़े ही बोलेंगे."

मी आरशात बघितलं. डावी भुवई मधोमध तुटलेली होती, तिथे केस उगवले नव्हते. केस पूर्ण पांढरे झाले होते. मी बघत असतानाच त्यानंही आरशात बघितलं आणि रिक्षा कडेला घेऊन थांबवली. तो वळला. मला वाटलं, आता मारेल. खरं सांगतो, मारावं असं मला वाटत होतं. मी हातसुद्धा वर केला नसता.

त्यानं हात जोडले.

"आप वही हैं न? बिटिया कैसी है?"

"ठीक है," मी म्हणालो.

"हाथ ठीक हो गया उसका? मैं तो दूसरे दिन अस्पताल तक आया था. फिर हिम्मत नहीं हुई. वो इलाका ही छोड़ दिया मैंने. बहुत सोचा मैंने, बहुत बार सोचा कि कहाँ से लगी होगी. मेरी ही नज़र चूक गई होगी. अब तो शीशे पे भरोसा ही नहीं रहा, दस बार देखता हूँ."

एवढी वर्षं तो रोज रिक्षा चालवत होता आणि जे त्यानं केलंच नव्हतं ते कुठे घडलं हे शोधत होता. माझ्या चार शब्दांवरून. "तुमने नहीं मारी थी." एवढंच म्हणायचं होतं मला. चार शब्द. जिभेवर होते. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, जणू मी न्यायाधीश.

"माफ़ कर दो बाबूजी," तो म्हणाला.

"कोई बात नहीं," मी म्हणालो. "हो जाता है."

त्याचा चेहरा सैल पडला. त्यानं डोळे पुसले, माझ्या गुडघ्याला हात लावला, आणि मी त्याला लावू दिला. मग तो म्हणाला, "बिटिया से भी एक बार मैं खुद बोल दूँ? घर पास ही होगा आपका."

हा आणि बहीण समोरासमोर आले, हा म्हणाला मला तर कळलंच नाही, तिनं दोन प्रश्न विचारले, की संपलं. "नहीं नहीं," मी घाईनं म्हणालो, "मैं बोल दूँगा. पक्का बोल दूँगा." उरलेला रस्ता चालतच आलो. दाना ओलीच्या तोंडाशी वळून बघितलं तर तो तिथेच उभा होता आणि मला हात करत होता.

सांगितलं नाही तर हा कधीतरी स्वतःच येईल, एवढ्याच भीतीनं मी घरात शिरल्याबरोबर बहिणीला सांगितलं. ती केस धुऊन उन्हात बसली होती. बाबा शेजारी मटार सोलत होते. आई देवळात गेली होती.

"तो रिक्षावाला भेटला," मी म्हणालो. "तोच. माफी मागत होता. तुझी पण मागितली आहे."

तिनं केसांवरचा टॉवेल खाली घेतला. "काय म्हणाला?"

"म्हणाला, माझ्या हातून झालं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यापर्यंत आला होता म्हणे. आता घाबरत घाबरत चालवतो. म्हातारा झाला आहे."

"त्याला फार मारलं होतं ना रे त्या लोकांनी?"

"हो."

"आणि मी इतकी वर्षं त्याला मेला म्हणते आहे." तिचे डोळे भरले. तिनं ते ओल्या केसांच्या टॉवेलनंच पुसले आणि लहानपणी हसायची तशी हसली. "बरं वाटलं दादा, खरंच बरं वाटलं. मुद्दाम नाही केलं त्यानं. पुन्हा भेटला तर सांग त्याला, माझा काही राग नाही म्हणावं. आणि घरी घेऊन ये, चहा पाजू." मग तिनं चांगल्या हातानं माझा हात धरला. "आता तू पण सोड त्याचा राग. किती वर्षं मनात धरून बसला आहेस. मला दिसतं ना."

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. ते माझ्याकडे बघत होते, आणि थांबले होते.

"सोडला," मी म्हणालो.